अंगठ्याचा हिशेब

‘प्रौढ शिक्षण’ हा शब्द केंद्र सरकारने २०२२ साली आपल्या दप्तरातून काढून टाकला. ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ मंजूर करताना यापुढे ‘प्रौढ शिक्षण’ न म्हणता ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणावे असे ठरले. १५ वर्षांवरील सर्व निरक्षरांचा समावेश जुन्या शब्दात नीट होत नाही, असे कारण देण्यात आले. शब्द गेला आणि माणसे राहिली. त्याच मंजुरीच्या वेळी सरकारने २०११ च्या जनगणनेचा आकडा पुन्हा सांगितला, तो असा : १५ वर्षांवरील निरक्षर २५ कोटी ७६ लाख, त्यांत पुरुष ९ कोटी ८ लाख आणि स्त्रिया १६ कोटी ६८ लाख. १९५१ साली या देशाची सगळी लोकसंख्या, तान्ह्या मुलांसकट, ३६ कोटी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. त्यातून मधल्या काळात प्रमाणपत्रे मिळालेले ७ कोटी ६४ लाख वजा करून सरकारने उरलेले निरक्षर १८ कोटी १२ लाख ठरवले. ही कागदावरची वजाबाकी आहे. घरोघर जाऊन केलेली मोजणी नव्हे. २०२१ ची जनगणना तर ठरल्या वेळी झालीच नाही.

नाव बदलण्याची ही पहिली खेप नाही. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांच्या काळात साक्षरतेचे ‘समाजशिक्षण’ झाले. साठीच्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांसाठी ‘कार्यात्मक साक्षरता’ आली, १९७८ साली ‘प्रौढ शिक्षण’, १९८८ नंतर ‘संपूर्ण साक्षरता’, मग ‘निरंतर शिक्षण’, २००९ मध्ये ‘साक्षर भारत’ आणि आता ‘उल्लास’. प्रत्येक नावाबरोबर नवी मुद्रा आणि नवे घोषवाक्य आले. एक गोष्ट मात्र सातही नावांखाली बदलली नाही. शिकणाऱ्याने दिवसभराची मजुरी करून, उरलेल्या वेळात, स्वतःच्या झोपेतून शिकावे. शिकवणाऱ्याने फुकट किंवा फुकटाला शोभेल एवढ्या मानधनावर शिकवावे. आणि ज्याच्या शेतावर, कारखान्यात किंवा खाणीत तो निरक्षर माणूस राबतो, त्याने यासाठी एक पैसाही देऊ नये. भारताच्या प्रौढ शिक्षणाचे सरकारी धोरण म्हणून जे काही आहे ते एवढेच आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली आपल्या घरी कामकरी व शेतकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालवली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी जो हिशेब मांडला तो आजही कोणी खोडून काढलेला नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या जातींच्या मुलांवर होतो. वरून खाली झिरपत जाणारे शिक्षण खाली पोचत नाही, हा तो हिशेब होता. जोतीरावांनी रयतेच्या शिक्षणाकडे पुण्यकर्म म्हणून कधी पाहिले नाही. रयतेने आधीच भरलेल्या पैशांची ती परतफेड होती. दीडशे वर्षांत झिरपण्याचा सिद्धांत पाठ्यपुस्तकांतून गेला, अंदाजपत्रकांतून गेला नाही.

१९३७ ते १९३९ या काळात काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी साक्षरतेच्या मोहिमा उत्साहाने काढल्या आणि मंत्रिमंडळांनी राजीनामे देताच त्या ओसरल्या. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. महत्त्वाचा प्रश्न घटनेचा आहे. १९५० साली प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. त्यापूर्वीच्या मताधिकाराला मालमत्तेची, कराची किंवा शिक्षणाची अट होती. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धिहीन माणूस ही समजूतच चुकीची आहे, असे डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढील निवेदनात सांगितले होते आणि घटनेने ते मान्य केले. परंतु मत देणाऱ्या त्याच घटनेने त्या प्रौढाला अक्षर देण्याचे बंधन राज्यावर घातले नाही. मूळ कलम ४५ ने दहा वर्षांची मुदत घातली ती १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तो ६ ते १४ वयाच्या मुलांचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही तेवढ्याच वयाचा. प्रौढाच्या वाट्याला उरले ते कलम ४१, म्हणजे राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मिळेल ते. चौदा वर्षे पूर्ण होताच माणसाचा हक्क संपतो आणि त्याची योजना सुरू होते. हक्क मागता येतो, न्यायालयात नेता येतो. योजना मिळाली तर मिळते, आणि तिची मुदत संपली की संपते.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम या निष्कर्षाला अपवाद ठरू शकली असती. गावाने एकत्र येऊन काही महिन्यांत आपली निरक्षरता घालवायची, प्राथमिक शिक्षकांनी आणि शिकलेल्या गावकऱ्यांनी शिकवायचे, काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. ती लवकरच राज्यभर पसरली. पाटीवर आपले नाव काढताना म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरत, आणि त्या थरथरण्यात खोटे काही नव्हते. पण समारंभानंतर गावात वाचायला काय होते? ग्रंथालय नव्हते, वर्तमानपत्र पोचत नव्हते. सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याच्या फडक्यात बांधलेला, सहकारी सोसायटीची वही सचिवाच्या पेटीत. शिकलेले अक्षर जिथे वापरायचे ती सगळी कागदपत्रे दुसऱ्याच्या ताब्यात राहिली. न वापरलेले अक्षर विसरले जाते. पुष्कळ गावांत ते विसरले गेले, आणि त्याचा दोष ‘खेडुतांच्या अनास्थे’वर टाकून जो तो मोकळा झाला.

याच महाराष्ट्रातील आणखी एका कागदाची आठवण करून देणे आवश्यक आहे, कारण तो फारच सोयीस्करपणे विसरला गेला आहे. १९६४ ते ६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. मुलांची शाळा, दहा अधिक दोन, विद्यापीठे यांविषयी या आयोगाने काय म्हटले ते सर्वांना ठाऊक असते. प्रौढ शिक्षणाविषयी त्याने जे म्हटले ते फार थोड्यांना ठाऊक आहे. मोठ्या शेतीमळ्यांच्या, व्यापारी व औद्योगिक संस्थांच्या आणि कंत्राटदारांच्या पदरी जे मजूर कामाला असतील, त्यांना नोकरीला लागल्यापासून तीन वर्षांच्या आत साक्षर करण्याची जबाबदारी मालकांवर टाकावी, आणि गरज पडल्यास तसा कायदा करावा, अशी ही शिफारस होती. आयोगात कोणी क्रांतिकारक बसले नव्हते. शास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि सरकारी अधिकारी होते. तरी त्यांना एवढे उमगले की ज्याला मजुराच्या श्रमातून नफा होतो त्याने त्या मजुराच्या अक्षरासाठी काही द्यावे. ही शिफारस १९६६ ची आहे. त्यानंतर दिल्लीत काँग्रेसची, जनता पक्षाची, जनता दलाची, संयुक्त आघाडीची आणि भारतीय जनता पक्षाची सरकारे आली. ज्यांच्या नावात समाजवाद होता असे पक्षही त्या मंत्रिमंडळांत बसले. तो कायदा एकाही सरकारने केला नाही.

मालकांवर जबाबदारी टाकण्याऐवजी सरकारने काय केले? १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्य कार्यालय नागपूरला आले. १९६७ साली देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईत निघाले. गिरणीकामगाराला अक्षर, कायदा, यंत्र आणि नागरिकत्व एकत्र शिकवावे हा त्यामागचा विचार चांगला होता. २००० साली या श्रमिक विद्यापीठांचे ‘जनशिक्षण संस्थान’ असे नामांतर झाले. नावातून श्रमिक गेला. २०१८ साली ही संस्थाने शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे सोपवण्यात आली. हक्काचे ज्ञान गेले, शिवणयंत्र राहिले. शिवणकाम वाईट असे कोणी म्हणत नाही. पण ज्या बाईला शिवणकाम येते आणि कापडाच्या ठेकेदाराने नगामागे काय दर लिहिला ते वाचता येत नाही, तिच्या कौशल्याचा फायदा कोणाला होतो, हे शिवणकाम शिकवणाऱ्या खात्याने सांगावे.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी जनता सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. आणीबाणीचा अंधार नुकताच सरला होता, आणि ज्या निरक्षर मतदाराने दीड वर्षापूर्वी हुकूमशाही मतपेटीतून उलथवली त्याचे ऋण फेडण्याची भाषा तेव्हा खरी वाटत होती. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाच्या १० कोटी निरक्षरांना शिकवायचे असा संकल्प होता. यापूर्वीच्या कोणत्याही योजनेत नव्हती अशी एक गोष्ट या आराखड्यात होती. साक्षरता आणि कार्यक्षमता यांच्या जोडीला ‘जाणीवजागृती’ हे तिसरे अंग त्यात मान्य केले होते. आपण गरीब का आहोत हे गरिबाने वर्गात बसून तपासावे, असे एका सरकारने सरकारी कागदावर लिहिले. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी हेच केले होते. १९६३ साली अँजिकोस गावी सुमारे तीनशे श्रमिकांना चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा त्यांचा प्रयोग गाजला, आणि पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता बळकावून फ्रेरींना तुरुंगात व मग देशाबाहेर घालवले. तेथील जमीनदारांना या शिक्षणाचा अर्थ तत्काळ कळला होता.

भारतात लष्कराची गरज पडली नाही. येथे मानधनानेच काम भागले. ३० प्रौढांचा वर्ग, दहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणि शिक्षकाला महिना ५० रुपये. दहा महिन्यांचे ५०० रुपये ३० जणांत वाटले तर एका माणसाला साक्षर, कार्यक्षम आणि जागृत करण्याबद्दल शिक्षकाला १६ रुपये ६७ पैसे मिळत. एवढ्या पैशांत गावच्या पाटलाविरुद्ध, सावकाराविरुद्ध, रेशन दुकानदाराविरुद्ध जाणीव जागवायची! आणि तो शिक्षक कोण? बहुधा त्याच गावातला बेकार तरुण. त्याच्या वडिलांनी त्याच सावकाराकडून पैसे घेतलेले. कंदिलाला रॉकेल मिळाले तर वर्ग, नाही तर नाही. १९८० साली सत्तापालट झाला तेव्हा या कार्यक्रमाची फेरतपासणी करणाऱ्या समितीचा अहवाल तयार होता. अध्यक्ष पुन्हा डॉ. कोठारीच. समितीने उणिवा दाखवल्या आणि कार्यक्रम चालू ठेवावा असे सांगितले. नव्या सरकारने कार्यक्रम उघडपणे बंद केला नाही. त्याला वीसकलमी कार्यक्रमातील एक कलम केले, स्वयंसेवी संस्थांना आखडता हात दाखवला आणि जाणीवजागृतीचा शब्द हळूच बाजूला सारला. १९७८ मध्ये ३५ वर्षांची असलेली शेतमजूर स्त्री आज हयात असेल तर ऐंशी ओलांडून गेली असेल. तिच्यापुरता प्रौढ शिक्षणाचा इतिहास तेथेच थांबला.

मग १९८८ च्या मे महिन्यात राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. १९९५ पर्यंत ८ कोटी साक्षर करण्याचे लक्ष्य. दिल्लीचा विश्वास तंत्रज्ञानावर होता. परंतु केरळात शास्त्र साहित्य परिषदेने आणि एर्नाकुलम जिल्ह्याच्या प्रशासनाने माणसांवर विश्वास ठेवला. हजारो स्वयंसेवक घरोघर गेले, गाणी व पथनाट्ये झाली, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये एर्नाकुलम हा देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. १८ एप्रिल १९९१ रोजी कोझिकोड येथे केरळ राज्य पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा चेलक्कोडन आयेशा या नवसाक्षर स्त्रीने केली. या यशाचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. पण केरळात जमीनसुधारणा झाल्या होत्या, शेतमजुरांच्या संघटना होत्या, गावोगाव वाचनालये होती, आणि शाळा तर त्याही आधीपासून होत्या. दिल्लीने स्वयंसेवक तेवढे उचलले आणि बाकीचे सगळे केरळात ठेवले. फुकट काम करणारा स्वयंसेवक हीच साक्षरतेची गुरुकिल्ली आहे असा निष्कर्ष काढून तो देशभर लागू करण्यात आला.

तरीही त्या मोहिमेत एक घटना अशी घडली की तिच्यापुढे सगळे अहवाल फिके पडतात. आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गांच्या पुस्तकात सीतम्मा नावाच्या स्त्रीची गोष्ट होती. नवरा अरक नावाच्या देशी दारूपायी घर बुडवतो, आणि सीतम्मा बायकांना जमवून गावातले दुकान बंद पाडते. दुबगुंटा गावच्या बायकांनी तो धडा वाचला आणि तसेच केले. १९९२ मध्ये हे लोण जिल्हाभर गेले. बायकांनी दारूच्या ठेक्यांचे लिलाव होऊ दिले नाहीत. १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्र सरकारला अरकावर बंदी घालावी लागली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. त्याच सुमारास तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेतून हजारो बायका सायकल चालवायला शिकल्या, आणि दगडाच्या खाणींत राबणाऱ्या बायकांच्या गटांनी त्या खाणी स्वतः चालवायला घेतल्या, तेव्हा ठेकेदारांचा जळफळाट झाला. या दोन जिल्ह्यांत बायकांना वर्गाला बोलवायला कोणाला दारोदार हिंडावे लागले नसेल. शिकण्याचा उपयोग त्यांना त्याच आठवड्यात दिसत होता. आंध्रातली दारूबंदी १९९७ मध्ये उठवण्यात आली, महसुलाच्या कारणासाठी. ज्या राज्याला दारूचा पैसा लागतो त्याला सीतम्माची गोष्ट फार दिवस परवडत नाही.

यानंतरचा इतिहास मानधनाच्या आकड्यांतच सांगता येतो. २००९ च्या ‘साक्षर भारत’मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात दोन प्रेरक नेमले, प्रत्येकाला महिना २००० रुपये. ते मानधनही अनेक राज्यांत थकले. ३१ मार्च २०१८ रोजी योजना संपली आणि प्रेरक घरी गेले. चार वर्षे बहुतेक काही नव्हते. २०२२ च्या नव्या कार्यक्रमात शिकवणारा पूर्णपणे विनामूल्य झाला. त्याला आता कर्तव्यबोधाने काम करायचे आहे. पाच वर्षांसाठी एकूण तरतूद १०३७ कोटी ९० लाख, लक्ष्य ५ कोटी निरक्षर. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये पडतात. महाराष्ट्रात रोजगार हमीवर एका दिवसाची मजुरी यापेक्षा जास्त आहे. एका नागरिकाला अक्षरओळख, अंकओळख, आर्थिक आणि डिजिटल साक्षरता, आरोग्याचे भान हे सगळे द्यायला भारतीय राज्य त्याची एका दिवसाची मजुरीदेखील खर्च करायला तयार नाही. २०२३ साली महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला तेव्हा शिक्षकांवर टीका झाली. आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या शिक्षकाच्या पाठीवर हे ओझेही टाकणाऱ्यांवर तेवढी झाली नाही.

आणि आता ‘पूर्ण साक्षर’ राज्यांची घोषणा सुरू आहे. ९५ टक्के झाले की पूर्ण झाले अशी व्याख्या ठरली. मे २०२५ मध्ये मिझोराम आणि गोवा यांची नावे जाहीर झाली. केंद्राच्या पाहणीत गोव्याचा आकडा ९३.६० टक्के होता. राज्याच्या स्वतःच्या पाहणीत तो ९९.७२ भरला. गोव्याच्या जनतेच्या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. मात्र गोव्यात साक्षरता आली ती १९६१ च्या मुक्तीनंतर खेड्यापाड्यांत उघडलेल्या प्राथमिक शाळांतून, त्यात मराठी शाळाही आल्या. त्या शाळांच्या पुण्याईवर २०२२ च्या योजनेने आपला शिक्का मारू नये, एवढेच.

या सगळ्यात कळस झाला तो २०१५ साली. राजस्थानने २०१४ च्या डिसेंबरात वटहुकूम काढून सरपंचाला आठवी आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेच्या सदस्याला दहावी उत्तीर्ण असण्याची अट घातली. पुढच्या वर्षी हरियाणाने तसाच कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी तो वैध ठरवला. बरेवाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणाने येते असे त्यात मानले गेले. डॉ. आंबेडकरांनी जी समजूत खोडली होती ती अशी परत आली. ज्या राज्याने शाळा दिली नाही, प्रौढपणी वर्ग दिला नाही, त्याच राज्याने शिकली नाहीस म्हणून बाईला निवडणुकीतून बाद केले. आमदाराला, खासदाराला मात्र अशी अट नाही. कायदा करणाऱ्याला जे ज्ञान लागत नाही ते गावची गटारे बांधणाऱ्या पंचाला लागते! राजस्थानने २०१९ मध्ये ती अट काढली.

प्रौढांना शिकायची इच्छाच नसते, असा युक्तिवाद यावर हटकून केला जातो. दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य आहे : पैसा थोडा आहे, तो मुलांच्या शाळेवर खर्च करावा, जुनी पिढी गेली की निरक्षरता आपोआप संपेल. या दुसऱ्या युक्तिवादातला सभ्यपणा बाजूला केला तर त्याचा अर्थ एवढाच उरतो की लोक मरण्याची वाट पाहावी. शिवाय ज्या घरात आईला अक्षर येत नाही त्या घरातली मुले शाळेत टिकवणे किती कठीण आहे, हे कोणताही प्राथमिक शिक्षक सांगेल.

इच्छेचे म्हणाल तर ऊसतोड कामगाराचे उदाहरण पुरेसे आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन मराठवाड्यातून कुटुंब बाहेर पडते ते उन्हाळा लागताना परत येते. पहाटे फडात उतरायचे, गाडी भरेपर्यंत राबायचे. उचल किती, तोडलेले टन किती, फिटले किती, हे सगळे मुकादमाच्या वहीत. ती वही वाचता यावी ही इच्छा त्या माणसाला नसेल असे म्हणणारा एक तर मुकादम असावा किंवा वातानुकूलित खोलीत बसणारा अधिकारी. त्याला नाही तो वेळ. सर्वेक्षण गावात होते तेव्हा तो फडात असतो, आणि तो गावात येतो तेव्हा वर्ष संपल्याचा अहवाल गेलेला असतो.

वेळेचा हा प्रश्न जगात सोडवला गेला आहे. २६ डिसेंबर १९१९ रोजी, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत, सोव्हिएत सरकारने निरक्षरता निवारणाचा हुकूम काढला. त्यात एक कलम असे होते की शिकणाऱ्या मजुराचा कामाचा दिवस दोन तासांनी कमी करावा आणि पगार पूर्ण द्यावा. वाचायला शिकवून मग काय वाचायचे हेही पुढे त्या राज्याने ठरवले, हा त्याचा अक्षम्य दोष. पण दोन तासांच्या कलमाला तो दोष चिकटत नाही. इटलीत तर हे सरकारी हुकमाशिवाय झाले. तेथील धातुकामगारांच्या संघटनांनी १९७३ च्या करारात पगारी अभ्यासाचे १५० तास मिळवले. कामगारांनी ते शालेय प्रमाणपत्रासाठी वापरले, आणि पुढे त्या वर्गांत गृहिणी व बेकारही येऊन बसू लागले. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी शिक्षण-रजेचा करार, क्रमांक १४०, संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

स्त्रियांचा प्रश्न मात्र पगारी रजेनेही पुरा सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. निरक्षरांत जवळजवळ दोनतृतीयांश स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग असा की त्याला मालक नाही, वेतन नाही आणि सुट्टीही नाही. पाणी, सरपण, भाकरी, मूल, म्हातारी माणसे यांतून तिला दोन तास सोडवायचे तर घरात नळ हवा, पाळणाघर हवे, आणि भाकरी थापायला घरच्या पुरुषाचे हातही हवेत. नवसाक्षरांच्या चाचणीत वाचन, लेखन आणि गणन मिळून १५० गुणांची परीक्षा असते. त्या परीक्षेला कडेवर मूल घेऊन बसलेल्या बाईचे छायाचित्र वर्तमानपत्रांत कौतुकाने छापले जाते. ते मूल तीन तास सांभाळायची व्यवस्था त्या केंद्रावर का नव्हती, असे मथळ्यात कोणी विचारत नाही.

या बाबतीत समाजवादी चळवळीचे हातही पूर्ण स्वच्छ नाहीत. मुंबईच्या रात्रशाळांत पाळी संपवून येणाऱ्या कामगारांना कार्यकर्त्यांनी शिकवले, ते काम मोठे होते. पण कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत बोनस, महागाई भत्ता आणि पदोन्नती यांच्या रांगेत अभ्यासाचे पगारी तास क्वचितच आले. अक्षर ही सेवादलाची बाब आणि वेतन ही युनियनची बाब, अशी वाटणी चळवळीनेच केली, आणि मालकांना ती फारच सोयीची झाली. मे २०१७ च्या शासननिर्णयाने दिवसा दुसरीकडे नोकरी करून रात्री शिकवणाऱ्या शिक्षकांची रात्रशाळांतील सेवा एका फटक्यात संपवली, तेव्हाही रस्त्यावर आले ते बहुतेक शिक्षक आणि विद्यार्थीच. ज्या कारखान्यांतून आणि दुकानांतून ते विद्यार्थी येत होते तेथल्या संघटना फारशा दिसल्या नाहीत.

आता अंगठ्याला नवे दिवस आले आहेत. रेशनच्या यंत्रावर शिकलेला आणि न शिकलेला दोघेही बोटच ठेवतात. फरक एवढाच की विटा वाहून आणि खत कालवून ज्याच्या बोटावरच्या रेषा झिजल्या त्याचे बोट यंत्र ओळखत नाही. दुकानदार ‘नेटवर्क नाही’ म्हणतो, आणि पडद्यावर काय लिहून आले ते त्याला वाचता येत नाही.

मालकावर तीन वर्षांची जबाबदारी टाकणारी १९६६ ची शिफारस अंमलात आणायला नवा आयोग नको. जुने कामगार कायदे मोडीत काढून चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मजुराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे असे त्यांत मोठ्या अभिमानाने म्हटले आहे. ते नेमणूकपत्र त्याला वाचता यावे, यासाठी चारही संहितांत एक कलम नाही. ते नसेल तर वेतनकरारात घालता येते : साखर कारखान्याच्या, बांधकामाच्या, नगरपालिकेच्या सफाई कंत्राटाच्या करारात, रोज एक तास, पगारी, कामाच्या जागी, पाळणाघरासह. रोजगार हमीच्या कामावर तो तास हजेरीपटात धरता येतो. ज्या जिल्ह्यांत पक्षाच्या कामगार संघटनांचे करार येत्या वर्षात संपत आहेत, तेथील मागणीपत्रकांचे मसुदे अजून लिहून व्हायचे आहेत.